आधी घड्याळ, मग टेकडी: धुळे-जळगावकडच्या अर्ध्या दिवसाच्या चढाया

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, पोह्यांची दुसरी बशी संपवून विचारतात, "काय वहिनी, जवळपास चढायला काही आहे का?" आहे ना, भरपूर आहे. फक्त ते आदल्या रात्री विचारायचं असतं.

सह्याद्रीत फिरणारा माणूस पावसाचा, धुक्याचा, निसरड्या वाटेचा विचार करून निघतो. खानदेशात विचार करायचा तो उन्हाचा, आणि म्हणून टेकडी निवडायच्या आधी तास निवडायचा. धुळे-जळगावपासून अर्ध्या दिवसात उरकतील अशा चढाया, त्यांचं वेळेचं गणित, पिशवीत काय घ्यायचं आणि मी स्वतः केलेला गाढवपणा, हे सगळं पुढे आहे. मी धुळ्याची, त्यामुळे धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याला जागा जास्त मिळाली आहे. जळगावकरांनी रागावू नये.

वर जाऊन दिसतं काय

आधी एक गैरसमज काढते. आमच्याकडे पायाखाली ढग, शंभर धबधबे, हिरव्यागार दऱ्या असं काही वर्षभर नसतं. आमचं दृश्य म्हणजे सपाटी. टेकडी फार उंच नसते, पण आजूबाजूला अडवणारं काही नसल्यामुळे नजर लांब जाते. काळ्या रानाचे चौकोन, मधे कपाशी, कुठे केळीचा गडद पट्टा, पाझर तलावाचं चमकणारं पाणी, आणि महामार्गावरचे ट्रक मुंग्यांसारखे.

धुळ्याच्या आसपास आणखी एक गंमत दिसते. सपाट रानातून अचानक भिंत बांधल्यासारखी सरळ, अरुंद, लांबलचक टेकडी उठलेली असते. ती कुणी बांधलेली नाही. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना तडे गेले, त्या तड्यांत खालून शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही भिंत उभी राहिली. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंती शेकड्यांनी आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. खालून त्यांचं काही वाटत नाही. वरून एकीमागे एक दिसायला लागल्या की मग माणूस गप्प बसून बघतो.

महिना आणि तास कसा ठरवायचा

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सगळं हिरवं असतं, आभाळ असेल तर दुपारीसुद्धा चढता येतं. आमच्याकडे पाऊस बेताचाच, त्यामुळे दिवस वाया जाण्याची भीती कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कुणी टेकडीचं नावच काढत नाही, म्हणून मे तसा फसवत नाही. फसवतात ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारीची अखेर. सकाळी अंगात स्वेटर आणि अकराला काळा दगड असा तापलेला की हात टेकवत नाही.

वेळेचं गणित उलटं करायचं. निघायचं किती वाजता हे नंतर, पाय खाली किती वाजता टेकले पाहिजेत हे आधी. माझा हिशोब असा: डिसेंबर-जानेवारीत साडेदहा, फार तर अकरा. फेब्रुवारीअखेर आणि ऑक्टोबरात साडेनऊ. एप्रिलमध्ये साडेआठ. आता लळिंग घ्या. लहान मूल बरोबर असेल तर चढायला तास, वर फिरायला दीड तास, उतरायला चाळीस मिनिटं. झाले तीन तास दहा मिनिटं. म्हणजे जानेवारीत साडेदहाला खाली यायचं तर सव्वासातला पायथा सोडला पाहिजे. तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो, उत्तम. एप्रिलमध्ये हेच गणित मांडलं तर पाच-वीसला अंधारात चढायला लागावं लागतं. म्हणून एप्रिलमध्ये लळिंग नाही. सोनगीरचा छोटा किल्ला मात्र होतो, कारण तिथे सगळं मिळून दीड तासाच्या आत आटपतं.

संध्याकाळी का नाही, असं विचारतात. हिवाळ्यात जाता येतं, पण सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि उतरणीवर अंधार गाठतो. शिवाय दगडाने दिवसभर प्यायलेलं ऊन तो संध्याकाळी परत सोडत असतो. मी तरी सकाळवालीच.

आदल्या रात्रीची पिशवी

पाणी माणशी दोन लिटर, हिवाळ्यात लळिंगसाठी दीड चालेल. वर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी पिऊ नका. एकदा गडावर शेळ्या चारणाऱ्या एका बाबांना मी विचारलं होतं, "बाबा, वर पानी शे का?" त्यांनी माझ्या बाटलीकडे बघितलं आणि अहिराणीत म्हणाले, "शे, पन पेवाना कामनं नही." म्हणजे आहे, पण पिण्याच्या कामाचं नाही. तेव्हापासून बाटल्या घरूनच.

खायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरीची घडी फडक्यात बांधली की दुपारपर्यंत मऊ राहते. बरोबर एक-दोन कांदे. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात; मी तो फोडून भाकरीबरोबर खाते, तो उपयोग नक्की आहे. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी एका बाटलीत वेगळं. टोपीपेक्षा मोठा सुती रुमाल किंवा उपरणं बरं, कारण ते ओलं करून मानेवर टाकता येतं आणि पडल्या-झडल्याला बांधायलाही होतं.

मोजे. याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पाऊस संपला की टेकड्यांवरचं कुसळी गवत पिकतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची कुसळं मोज्यांत, पायजम्यात, ओढणीत घुसतात. सुईसारखं टोक, मागे पिळदार शेपूट. चालताना ते पिळत पिळत आत जातं, आणि बाहेर ओढलं तर टोक आतच राहतं. जाड विणीचे लोकरी मोजे म्हणजे कुसळांना आमंत्रण. पातळ, घट्ट विणीचे घाला आणि वरून गुळगुळीत कापडाची पँट. सलवार-ओढणी नकोच.

अत्तर, सेंट, सुवासिक तेल लावून जाऊ नका. कड्यांना आणि पडक्या कमानींना आग्या मोहळं असतात. त्याच कारणाने वर शेकोटी, सिगारेट, आरडाओरडा, ढोल काही नको. आणि बूट रात्रीच तपासा. का, ते पुढे येईल.

लळिंग: पहिली चढाई हीच करा

धुळ्याहून मालेगावच्या दिशेने महामार्गाने दहाएक किलोमीटर. मालेगावकडे जाणारी एसटीची साधी गाडी लळिंग गावाला थांबते. जलद गाडीत बसलात तर वाहकाला आधी विचारून घ्या. आपली गाडी असेल तर गावात लावा, महामार्गाच्या कडेला नको, तिथून ट्रक सुसाट जातात.

गावात जुनं हेमाडपंती महादेव मंदिर आहे. आधी तिथे जा. दोन कारणं: मंदिर बघण्यासारखं आहे आणि गडाची वाट तिथूनच सुरू होते. वाट विचारायला लाजू नका. "आप्पा, गडावर कुठून?" एवढं म्हटलं की बोट दाखवतात, आणि दोन मिनिटं थांबलात तर चहाचंही विचारतात.

पहिला टप्पा मोकळ्या उतारावरचा. इथे सावली नाही, म्हणून तो सूर्य तिरपा असतानाच संपवायचा. पायाखाली मुरूम आणि सुटे दगड. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. शेळ्यांच्या वाटा इतक्या असतात की मुख्य वाट कोणती ते कळत नाही. खूण अशी: खरी वाट दगड झिजून गुळगुळीत झालेली, कुठेकुठे रचलेल्या दगडांच्या आधाराने वळत जाते. शेळीची वाट आडवी जाते आणि झुडपात संपते. पाच मिनिटं चढलात आणि वाट आडवीच चालली असेल तर मागे फिरा.

तटबंदी दिसायला लागली की जीव भांड्यात पडतो. पडक्या दरवाजातून आत गेलं की कातळात कोरलेली पाण्याची टाकी, कोठारं, बुरूज आणि माथ्यावर ललितामातेचं मंदिर. टाक्यांच्या कडा शेवाळाने निसरड्या असतात. मुलांचा हात धरा. दगड उचलून खाली काय आहे ते बघायचा मोह मुलांना होतोच, तो मोडून काढा. या भागात फुरसं आहे. छोटा साप, दगडाच्याच रंगाचा, दगडाखाली किंवा फटीत गुंडाळून बसतो. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही आणि बसण्याआधी काठी आपटायची, एवढं पाळलं तरी पुष्कळ. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालवत नेऊ नका, उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा आणि थेट जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात.

माथ्यावर बसलात की खाली महामार्गाचं वळण दिसतं, आणि मग हा गड इथेच का, ते आपोआप कळतं. दक्षिणेतून उत्तरेत जाणारी वाट याच्या पायाशी आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या मलिक राजाने आपल्या दोन मुलांत थाळनेर आणि लळिंग वाटून दिले. लळिंग थोरल्या नसीरखानाच्या वाट्याला आला. याच नसीरखानाने पुढे असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं. बहमनी फौजेपुढे हरल्यावर मात्र तो परत लळिंगच्याच आसऱ्याला आला आणि १४३७ साली वारला. तटावर भाकरी खाताना मी मुलाला ही गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग त्याला वर पाणी कोण आणून द्यायचं?" टाकी दाखवली तेव्हा पटलं.

आता माझा गाढवपणा. काही वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी नणंद आणि मी लळिंगला गेलो. उशीर झाला, पायथ्यालाच नऊ वाजले, पण "आलोच आहोत तर" या एका वाक्यावर चढलो. वर पोचलो तेव्हा सव्वादहा. पाणी एक-एक बाटली, तीही अर्धी. उतरायला लागलो आणि माझ्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट; डिंक कधीच वाळून गेला होता, तापलेल्या दगडाने उरलेलं काम केलं. प्रत्येक पावलाला बूट आ वासायचा. ओढणीची पट्टी फाडून बांधली, ती दोन वळणांत झिजली. चाळीस मिनिटांची उतरण दीड तास चालली. अर्ध्यावर नणंद खाली बसली आणि म्हणाली, "वहिनी, मला घामच येईना झालाय." तेव्हा मी खरी घाबरले. ऊन लागल्याची ही वाईट खूण. डोकं ठणकणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ, घाम थांबणं यातलं काही दिसलं की तिथेच सावली शोधायची, कपडे सैल करायचे, ओलं फडकं मानेवर आणि काखेत, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी, आणि मदत मागायची. तेच शेळीवाले बाबा खालून येताना दिसले. त्यांनी आपल्या डब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, एका अंजनाच्या झाडाखाली बसवलं आणि मला म्हणाले, "आते उतरी जा, ऊन वाढी राह्यनं." घड्याळात बारा वाजले होते.

कुरण आणि लांडोर बंगला

ज्यांना गड नको, फक्त झाडांतून चालायचंय, त्यांच्यासाठी लळिंगचं कुरण. अंजन, सालई, धावडा अशी कोरड्या रानातली झाडं, आणि पावसाळ्यात एक धबधबा. धबधब्याच्या पाण्यात उतरू नका, खालचे खडक फार निसरडे. कुरणात टेकडीवर लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्यात न्यायालयीन कामासाठी आले तेव्हा ३१ जुलैला या बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या तारखेला इथे मोठा जनसमुदाय जमतो. अभिवादनाला यायचं तर त्या दिवशी या. शांतपणे झाडं बघायची असतील तर दुसरा दिवस काढा.

सोनगीर: गुडघे दुखणाऱ्यांसाठीसुद्धा

धुळ्याच्या उत्तरेला, शिरपूरच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर. गाव किल्ल्याच्या कुशीतच आहे, त्यामुळे गल्ली संपते तिथे चढ सुरू होतो. वीस मिनिटांत माथा. टेकडी लांबट आणि अरुंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणं हेच इथलं सुख. वर खोल विहीर आहे, तिच्या काठावर वाकून फोटो काढू नका. पावसानंतर हवा धुतलेली असेल तर उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. सासरे बरोबर असतील, मुलं लहान असतील, वेळ कमी असेल, तर सोनगीर. उतरल्यावर बाजारात तांब्या-पितळेची भांडी बघायची, त्यासाठी गाव प्रसिद्ध आहे. मी दरवेळी बघायलाच जाते आणि दरवेळी काहीतरी घेऊन येते.

साक्रीकडे निजामपूरजवळचा भामेर किल्ला याहून मोठा. कोरीव गुंफा आणि भोवती पवनचक्क्यांचं रान असं विचित्र, पण देखणं दृश्य आहे. त्याला मात्र पूर्ण सकाळ द्या.

जळगावकडून

रोजचं चालणं हवं असेल तर शहरालगत मोहाडी रस्त्यावर लांडोरखोरी वनउद्यान. धुळ्याला लांडोर बंगला, जळगावला लांडोरखोरी. मोराचं नाव कुणी का घेतलं नाही कोण जाणे. संध्याकाळी मेहरूण तलावाची फेरी, आणि थंडीत मेहरूणची बोरं.

अर्धा दिवस असेल तर पद्मालय. जळगाव-धुळे महामार्गावर एरंडोल, तिथून दहाएक किलोमीटर आत. टेकडीवर गणपतीचं मंदिर, गाभाऱ्यात दोन मूर्ती, एक डाव्या सोंडेची, एक उजव्या. समोर कमळांचं तळं. बरेच लोक दर्शन घेऊन तिथूनच परत फिरतात. तसं करू नका. पुढे जंगलातून भीमकुंडाकडे वाट जाते, ती चाला. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं लोक सांगतात. झाडी पानगळीची आहे, म्हणून मार्चनंतर सावली उरत नाही; ऑगस्ट ते डिसेंबर हा काळ चांगला. चतुर्थीला गर्दी असते, चालणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

सातपुड्याची चव घ्यायची तर यावल तालुक्यात आडगावजवळची मनुदेवी. चढ असा नाहीच, दोन डोंगरांच्या मधून आत शिरायचं आणि समोर कडा. पावसाळ्यात त्यावरून धबधबा पडतो. जोराचा पाऊस चालू असेल तर ओढ्यातून पलीकडे जाऊ नका. वर डोंगरात पडलेलं पाणी खाली उशिरा आणि एकदम येतं. आभाळ मोकळं असलं तरी पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच मागे फिरा. परतताना त्याच रस्त्याने चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. दमलेले पाय त्यात सोडून बसा.

पाटणादेवी

हे अर्ध्या दिवसाचं नाही, पण वगळवत नाही. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या हद्दीत. नाक्यावर प्रवेशाची पावती घ्या, बंद व्हायची वेळ तिथेच विचारून घ्या आणि ती पाळा. रान बिबट्याचं आहे. चंडिकादेवीचं दर्शन झालं की जवळच्या हेमाडपंती महादेव मंदिरापर्यंत सपाट वाट आहे. ज्यांना चढायचं नाही त्यांनी इथपर्यंत यावं, तेवढंही पुरेसं आहे. चढणाऱ्यांनी पुढे कण्हेरगड धरावा: वाटेत नागार्जुन कोठी आणि सीतान्हाणी ही लेणी, वर गेल्यावर खाली सगळी दरी. पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे आहेत.

इथे सापडलेल्या १२०७ सालच्या शिलालेखात एका मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो मठ काढला होता. १११४ साली जन्मलेल्या त्या गणितज्ञाचा सिद्धान्तशिरोमणी या दरीत मुलं घोकत बसत असतील, हे डोक्यात ठेवून मंदिराच्या पायरीवर बसा. मी बसते.

सातपुड्यातली तोरणमाळ आणि अस्तंभा ही ठिकाणं या यादीत नाहीत. तोरणमाळला मुक्काम हवा आणि अस्तंभा ही यात्रा आहे, सकाळचा फेरफटका नव्हे.

उतरताना आणि उतरल्यावर

मुरमावर उतरताना टाच आधी रोवा, गुडघे किंचित वाकवलेले ठेवा, तिरपं उतरा. मुलाला पुढे धावू देऊ नका आणि स्वतःच्या सरळ खालीही ठेवू नका, सुटलेला दगड त्याच्याच अंगावर जातो. घाई झाली की पाय सरकतो, म्हणून तर वरून वेळेत निघायचं.

घरी आल्यावर मोजे तसेच मशीनमध्ये टाकू नका, कुसळं बाकीच्या कपड्यांत जातात. आमच्याकडे ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मोजे उलटे करतात आणि बारीक फणी शेपटाकडून टोकाकडे फिरवतात. मागच्या नोव्हेंबरात मुलाने मोजून काढली. डाव्या मोज्यात एकतीस, उजव्यात चव्वेचाळीस. उजवा पाय झुडपातून का गेला, असं विचारलं तर म्हणाला, "शेळीच्या वाटेनं गेलो होतो, तू बघत नव्हतीस तेव्हा."